पोपडे

सकाळी आठला पत्र्याची खरवडणी घेऊन
मी तिसऱ्या दालनात शिरते.
बाहेर बाल्टिक, राखाडी, अर्धा गोठलेला.
कंत्राटदार ओत्तोमारने बजावलंय :
दगड दिसेपर्यंत खरवड, हिल्या,
दिवसाला चार मीटर,
आणि वाचत बसू नकोस.

सर्वांत वर फिकट निळा.
हा कैद्यांचा. सहज निघतो,
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा.
खाली तपकिरी तेलरंग, चिवट.
हाही कैद्यांचाच, त्यांच्या आधीच्या.
त्याखाली हिरवा : आमचं पायदळ.
आणि मग चुना, चुना, नुसता चुना,
झारच्या शिपायांनी दर ईस्टरला मारलेला एकेक हात.
मोजायला गेले, पन्नाशीच्या पुढे बोट चुकलं.

फळ्यांच्या फटीत ढेकणांची वाळकी टरफलं.
त्यांनी कुणाचा बिल्ला विचारला नव्हता.

खिडकीच्या दगडाला दोन खळगे आहेत,
कोपरांचे.
मी माझी कोपरं ठेवून पाहिली.
बसली.

शिपाई उलटे मोजायचे,
आधीच सगळ्या रेघा ओढून रोज एक खोडत जायचे.
कैदी सुलटे.
एका जागी मात्र हिरव्यातल्या रेघा
आणि तपकिरीतल्या रेघा एकमेकींत शिरल्यात.
कोण घरी निघालं होतं,
कुणाचा जायचा दिवसच ठरला नव्हता,
हे खरवडणीला कळत नाही.
ती दोन्ही सारख्याच आवाजात काढते.

दाराला आतून चार भोकं, पुट्टीने बुजवलेली.
कडी पूर्वी इकडे होती.
मग एक दिवस कुणी सुतार आला असेल,
चार स्क्रू काढले, चार तिकडे बसवले.
कडी तीच.
अर्ध्या तासाचं काम.
मजुरी काय मिळाली असेल त्याला?
जेवणाच्या सुट्टीत मी उगाच हिशेब करते.

आमच्याकडे रविवारी दोघं समोरासमोर जेवायला बसत.
माझे वडील आडू, छत्तीस साली इथले शिपाई,
बंक क्रमांक एकोणीस.
आणि वाल्तेरमामा,
पन्नास ते चोपन्न, इथलाच.
तेव्हा बंकांना क्रमांक नव्हते,
माणसांना होते.

या दालनाचा विषय दोघांनी कधी काढला नाही.
बोलणं हवेचं, माशांचं,
शेजारच्या बोटीच्या इंजिनाचं.
पण दोघंही डावा हात
वाडग्याभोवती कुंपणासारखा धरून जेवत.
काळा पाव तोडताना हनुवटीखाली ओंजळ,
चुरा सांडू नये म्हणून.
आणि आईच्या हातून पळी पडली
की दोघं एकदम ताठ उठून उभे.
मग एकमेकांकडे न बघता खाली बसत.
आई म्हणायची, सूप निवतंय.

मला लहानपणी वाटायचं
पुरुष असेच असतात.

आज दुपारी हिरव्यात एक एकोणीस सापडला.
रंगाने लिहिलेला, नऊची शेपटी वाकडी.
बाबांचं अक्षर असं नव्हतं,
आकडा सरकारीच असणार.
तरी त्याच्यावर मी खरवडणी लगेच चालवली नाही.
त्याच्याच उंचीवर, वरच्या तपकिरी थरात
नखाने काढलेला एक मासा होता.
तो मी सकाळी खरवडून बादलीत टाकला होता.
मामाचा असेल, नसेल.
मामाला मासे काढता येत होते का,
हे सांगायला आता कुणीच उरलेलं नाही.

बादली उपसून बसले मग.
निळे, तपकिरी, हिरवे, पांढरे,
बोटाच्या पेराएवढे पोपडे.
मासा जुळला नाही.

पाचला ओत्तोमार आला.
किती झालं?
साडेतीन, मी म्हटलं.
तो भिंतीवरून हात फिरवत गेला,
थंड, स्वच्छ, उघडा दगड.
छान, म्हणाला. इथे नाश्त्याची खोली होणार,
पाहुणे समुद्र बघत कॉफी घेतील.

शेगडीमागे, गुडघ्याच्या उंचीवर,
तळहाताएवढा तुकडा मी तसाच ठेवलाय.
निळा, तपकिरी, हिरवा, चुना,
सगळे एकमेकांना धरून.
तिथे उजेड पोचत नाही,
आणि ओत्तोमारची कंबर धरलेली असते,
तो वाकून बघत नाही.