पाच आठवड्यांची झाडं

बाहेर उणे सत्तावीस. आत जून महिना,
रोज सोळा तासांचा, गुलाबी दिव्यांचा.
माझं काम पालथं घालण्याचं.
ट्रे धरायचा, यंत्राच्या जबड्यात द्यायचा,
छत्तीस रोपं खाली डोकं वर मुळं
जिवाणूंच्या गढूळ पाण्यात बुडवायची
आणि पंपाचं बटण दाबायचं.

पानांतली हवा बुडबुडत निघून जाते.
पंप थांबतो. जिथं हवा होती
तिथं पाणी शिरतं, पाण्याबरोबर निरोप.
रोपं बाहेर येतात काळपट, निथळती,
बळंच न्हाऊ घातलेल्या पोरांसारखी रुसलेली.

सहा दिवस पान तो निरोप गिरवतं
आणि घडवत राहतं तापाच्या विषाणूची कात.
साप नाही. नुसती कात.
"अंगाला कुठं कळतं," सेड्रिक म्हणतो,
"ते काठी घेऊनच उठतं.
मग खरा आला, की काठी हातातच असते."

आईला फोनवर सांगितलं. ती आधी खोकली, मग हसली.
"म्हणजे पुन्हा तंबाखूच?"
तिची उमेदीची वर्षं जोलिएतच्या कोठारात गेली,
पानं दोऱ्यात ओवता ओवता.
रविवारी चर्चमध्ये ती हातमोजे काढत नसे.
मी म्हटलं, ही जात वेगळी गं, बुटकी,
विडीच्या कामाची नाही.
"आमची पानं निदान पिवळी होईस्तोवर जगायची,"
एवढं बोलून तिनं हवापाण्याचा विषय काढला.

लागलं ते मला.
पाच आठवडे वाढवायचं, सहा दिवस थांबायचं, कापायचं.
सात वर्षांत या झाडाचं फूल मी पाहिलेलं नाही.

जानेवारीत पत्र आलं. लस चांगली होती म्हणे,
चाचण्यांत उतरली होती.
अडलं ते पैसा कुणाचा यावर.
आम्हाला नऊ दिवस मिळाले हरितगृह रिकामं करायला.
हिरव्या पिशव्या, वाफेची भट्टी, वजनकाटा.
सेड्रिक शिट्टी वाजवायचा, तीही बंद झाली.

आठव्या दिवशी, तिसऱ्या खोलीत,
गरम हवेच्या नळामागे एक रोप सापडलं.
ट्रेमधून कधी घरंगळलं कोण जाणे,
चिमूटभर मातीत, तिरकं, माझ्या कोपराएवढं.
आणि त्याला फूल. पांढरं.
बारीक लांब नळी, टोकाला पाच पाकळ्या,
गाजावाजा काहीच नाही.

नियम मला पाठ आहे.
परागाचा कणही दाराबाहेर जाता कामा नये.
मी उजव्या हाताचा मोजा काढला.
एवढंच. एक बोट लावलं.
मग हात कोपरापर्यंत धुतला, दोनदा,
आणि पिशवीचं तोंड बांधलं.

नोंदवहीत लिहिलं : रोपं, एक. वजन, अकरा ग्रॅम.
'अवस्था' या रकान्यात सात वर्षं
मी एकच शब्द लिहीत आले होते, कोवळी.
पेन जरा थबकलं.
मग लिहिलं, फुलावर.