शेऱ्याचा रकाना

दाखल रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
क्रमांक, नाव, किंमत, देणगीदार
हे सगळं गावाचं.
शेरा मात्र ज्याच्या हातात टाक, त्याचा.

पहिलं पान अडतिसातलं.
बाबगोंडा मगदुमांनी हळदीच्या वखारीचा कोपरा दिला,
भाडं नको म्हणाले,
फक्त पेव उघडायच्या दिवशी कुलूप लावा, आतला वायू वाईट.
त्रेसष्ट पुस्तकं.
त्यातलं एक बियाण्यांचं सूचिपत्र,
तेही खाकी वेष्टन घालून, क्रमांक टाकून.
पहिल्या कपाटातली पानं वयानं पिवळी की हळदीनं,
बाबालाल शिकलगारला सांगता आलं नाही,
आणि त्यानं तर प्रत्येकाची पाठ शिवलेली.

"पृष्ठे ४० ते ४८ नाहीत. विडीला गेली असावीत."
"परत आले. आत मेथीची काडी."
"वाळवी." खाली दुसऱ्या अक्षरात: "खरंच."

सभासद एक्केचाळीस, सिद्राम कोष्टी.
सोळा वर्षांत सातशे बारा पुस्तकं नेली,
सहीच्या जागी सातशे बारा अंगठे.
करमरकर मास्तरांनी कधी विचारलं नाही.
एकदाच शेरा:
"कादंबरी बदलून मागितली. शेवट पटला नाही म्हणे.
कुणाला, ते सांगितले नाही."
पंचावन्न साली, सिद्रामच्या तेराव्यानंतरच्या सोमवारी
एक बाई आली, बोटांना अजून खळ,
कार्ड पुढे सरकवलं
आणि सही केली: चंद्राक्का सिद्राम कोष्टी.
अक्षर मास्तरांपेक्षा बरं.
त्या ओळीपुढे शेरा नाही.
टाक टेकून उचलल्याचा एक ठिपका आहे.

एकोणीस साली कृष्णा आत शिरली, पाच दिवस मुक्कामाला.
लगदा आम्ही फावड्यानं ओढला.
उरलं ते ट्रॉलीत घालून तासगावच्या वाटेवर
एका बागायतदाराच्या बेदाण्याच्या शेडला नेलं.
"ऑगस्टात कुठली द्राक्षं? जाळ्या मोकळ्याच आहेत," म्हणाला तो.
मग नाटकं, चरित्रं, जुनी पंचांगं
थरावर थर, वाऱ्याला उघडी.
मणी हलवणाऱ्या बायकाच पानं उलटत गेल्या,
हलक्या हातानं, सवयीच्या.
एक मधेच थांबली.
मुकादम हाका मारत राहिला.

आता टेबलं भरलेली असतात.
पोरं परीक्षेची पुस्तकं घरून आणतात,
आमच्याकडून पंखा घेतात आणि शांतता.
कपाटाकडे कुणी फिरकत नाही.
मुंग्या फिरकतात.

परवा संगणकावर भरायचा नवा तक्ता आला.
शेऱ्याला जागाच नाही.
पाचशे नव्वद क्रमांकाच्या पुस्तकापुढे,
किमतीच्या चौकोनात, मी लिहिलं:
"पाण्यातून आले. मुंग्या लागतात. अजून गोड असावे."
तपासणीस विचारतील.
विचारू देत.