टंकलेखकाची अक्षरं

घणसोलीत, खाली मोबाईल दुरुस्ती, वर आमचा क्लास.
संध्याकाळी सात ते साडेआठ : व्यावसायिक पत्रलेखन.
बारा खुर्च्या, नऊ संगणक, त्यातले सहा चालू.

मी सांगते, आधी कागदाकडे बघा.
डावीकडे सव्वा इंच मोकळं सोडा,
उद्या कुणीतरी ह्याला भोकं पाडून फायलीत लावणार आहे,
त्याच्या पंचिंग मशीनखाली तुमचं पहिलं अक्षर जायला नको.
जावक क्रमांक. दिनांक. मग प्रति.
विषय एका ओळीत मावला पाहिजे,
मावत नसेल तर तुम्हालाच तो नीट कळलेला नाही.
आणि रोहिदास, "आपला नम्र" नको रे,
बिल त्यांनी थकवलंय, नम्र त्यांनी व्हायचं.
"आपला विश्वासू" पुरे.

हसतात.
दिवसभर महापेच्या गोदामात खोके मोजून आलेली मुलं,
हसायला मिळालं की दोन ओळी जास्त लिहितात.

अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात,
आद्याक्षरांच्या दोन जोड्या, मध्ये तिरकी रेघ.
पहिली मजकूर सांगणाऱ्याची, दुसरी टाइप करणाऱ्याची.
आता कुणी घालत नाही. तरी मी शिकवते.
सवय.

परवा म्हटलं, घरात असेल ते एखादं खरं पत्र आणा.
बँकेचं आलं, सोसायटीचं, विजेच्या थकबाकीचं,
सिडकोची तीन.
दर्शना मढवीनं आणलं ते लॅमिनेट केलेलं.
रबाळ्याची कंपनी, रंगांची; आता तिथं डेटा सेंटर आहे.
सतरा नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव.
"आपणांस कळविण्यात येते की"
त्यातला ळ ओळीच्या वर उचललेला,
रांगेत टाचा उंचावून पुढचं बघणाऱ्या माणसासारखा.

तो ळ माझ्या ओळखीचा.
मशीनची दांडी वाकली होती, मेकॅनिकला चारदा कळवलं होतं,
लेखी.
एकशे बेचाळीस पत्रं, दोन दिवस,
फक्त नाव आणि तिकीट नंबर बदलायचा.
बाळाराम गोमा मढवी.
नावातसुद्धा एक ळ.

"मॅडम, ह्यात सगळं आहे ना? फॉरमॅट?"
मी पट्टी घेऊन समास मोजला. सव्वा इंच.
खाडाखोड नाही. विषय एका ओळीत.
"आणि ही शेवटची अक्षरं?"
तिनं प्लास्टिकवर बोट ठेवलं. व.दा./शै.नि.
"टाइप करणारीची," मी म्हटलं,
"तिचा मजकुराशी संबंध नसतो."
हे वाक्य मी दर बॅचला सांगते.
"करणारीची," ती स्वतःशीच म्हणाली.

मुलं मला निजसुरे मॅडम म्हणतात.
शैलजा फक्त भिंतीवरच्या प्रमाणपत्रात आहे,
तीही फळ्याआड अर्धी.
दर्शना बराच वेळ फळ्याकडे बघत होती.
फळ्यावर तेव्हा काही लिहिलेलं नव्हतं.

गृहपाठ दिला : आणलेल्या पत्राला उत्तर लिहा.
संदर्भ विसरू नका.
दिल्यावर वाटलं, दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं,
कोटेशन मागवा, खुर्च्यांची ऑर्डर, काहीही.

सोमवारी गठ्ठ्यात तिचा कागद सगळ्यात वर.
समास बरोबर. दिनांक बरोबर.
संदर्भ : आपले पत्र दि. १७/११/१९९८.
विषय : आणि पुढे कोरं.
"महोदय" लिहून, मग हातानं काना वाढवलेला.
मजकूर एकच ओळ,
"आपले पत्र मिळाले."
सही मोठी, वाकडी, दुसऱ्याच कुणाची तरी,
जोर देऊन केलेली, कागदाच्या मागून बोटाला लागते.
आणि डाव्या कोपऱ्यात, बारीक,
बा.म./द.म.

विषय नाही म्हणून दोन गुण कापायला हवेत.
लाल पेनाचं टोपण काढून बसले आहे.
खाली कुणाच्या तरी फोनची रिंग
पुन्हा पुन्हा वाजवून बघताहेत,
लागतेय का.