एकास पन्नास

दिवसा मी दात करते.
म्हापशात, पालयेकरांच्या चपलांच्या दुकानावर,
बावीस पायऱ्या चढून आलं की डाव्या हाताला.
रात्री त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली,
त्याच हत्यारांनी रॉकेट.

सासू म्हणायची, दात कोरून पोट भरत नाही गो.
भरलं. तिच्या बसक्या गालांतही भर पडली,
वरची-खालची कवळी मीच केली तिची.
रॉकेटाबद्दल मात्र तिने एवढंच सांगितलं,
देवाकडे शेपूट करून ठेवू नको.

पांढऱ्याचं मला विचारा.
दातांचे पांढरे सोळा, पट्टीवर ओळीने लावलेले,
चहाचा पांढरा, विडीचा, बाळंतपणानंतरचा;
त्यातला एकही रॉकेटाला लागत नाही.
फोटोत ते पहाटे एक दिसतं, पेटल्यावर दुसरंच.
चार वेळा रंगवलं, चार वेळा घासलं.
आषाढात इथं रंग वाळत नाही,
वाळला म्हणून उचलावं तर
अंगठ्याचा ठसा निघाला अंतराळात.

अंगावर उभं "भारत", तीन मिलिमीटरचं अक्षर,
चार केसांच्या कुंचल्याने.
भची वरची फट बुजली, म झाला.
पुतणीने खणखणीत वाचलं: मारत.
कोणाला मारत, काकी?
सुईच्या टोकाने फट पुन्हा उघडली.

शुक्रवारच्या बाजारातून गळाची दोरी, छत्रीच्या काड्या,
बोडगेश्वराच्या जत्रेतली वीस रुपयांची बंदूक
(आतल्या स्प्रिंगसाठी).
लँडरचे पाय दात आवळायच्या तारेचे.
सोनेरी कागद दुबईहून आलेल्या चॉकलेटचा.
चॉकलेट मी खात नाही. धंदाच तसा.

आणि जमीन?
कपाटात न नेलेल्या कवळ्यांचे साचे होते,
एक्केचाळीस जबडे प्लॅस्टरचे, बुडाला पेन्सिलीने नावं.
फोन केले, निरोप धाडले,
दाताच्या कण्या करून सांगितलं, घेऊन जा.
कोणी आलं नाही.
मग खलबत्ता काढला.
जबड्यांचा भुगा, नवं प्लॅस्टर, बेकरीच्या भट्टीतली राख,
ओलं असताना वरून टाकलेले साबुदाणे
आणि वाळल्यावर एकेक उकरून काढलेले.
चंद्र झाला, ताटाएवढा.
त्यावर लँडर टेकवला, श्वास धरून. चार सेंटिमीटर.
माझ्या मापात खरा चंद्र
म्हापशाहून साडेसात हजार किलोमीटर.
हिशेब दोनदा केला.

गेल्या शुक्रवारी लिगोर आला,
एक हात चौकटीला, धाप लागलेली.
म्हजे दांत?
तीन वर्षं होतात कुठं, मी जरा चढ्या आवाजात.
पायऱ्या गो, तो म्हणाला. गुडघे.
खालपर्यंत येऊन परत जायचो.

बावीस.
हातात डबी घेऊन त्या मी कधी उतरले नव्हते.

कवळी डबीतच होती. घातली तर खुळखुळली,
हिरड्या आटतात तीन वर्षांत.
साचा काढा जुना, तो म्हणाला, तारवटी माणूस,
सुटे भाग जपतात हे त्याला ठाऊक.
मी चंद्र दाखवला.
बराच वेळ वाकून पाहत राहिला.
यात माझा कुठला?
हा, म्हटलं, आणि जवळच्या खड्ड्यावर बोट ठेवलं.
मला कुठं माहीत होतं.
तो हसला, नुसत्या हिरड्यांनी:
तिथं जेवण नाही म्हणतात,
मग दात कशाला नेलेस?

नवा साचा घेतला.
गुलाबी लगदा तोंडभर, लाळ गळ्यातल्या क्रुसापर्यंत.
हलायचं नाही. तीन मिनिटं.
मी सवयीने उलटीच मोजत होते,
त्याची नजर लँडरच्या पायांवर.
एकतीस, तीस, एकोणतीस…
मंगळवारी मी खाली आणून देते, म्हटलं.
बोलता येत नव्हतं त्याला.
त्याने अंगठा वर केला.