तीन अंक मोजेपर्यंत

पाय हातात घेते. तळवा नव्हे, वरची बाजू.
अंगठा टेकवते आणि मोजते, मनात, चिचेवात:
चिमोद्झी, झिविरी, झितातू.
उचलते.
कातडी वर येत नाही.
चिखलात टाच रुतावी तसा
माझा अंगठा तापिवाच्या पायात राहून जातो.

त्याआधी दंडाला फीत लावली होती.
हिरवी निघाली.
फितीला सूज कळत नाही, ती आपली घेर मोजते.
गाल फुगलेले, केस कणसाच्या सुकल्या तुऱ्यासारखे,
हात लावला की हातात येणारे.
"गुटगुटीत आहे की," कुणी म्हणालंही असेल
पंपावर पाणी भरताना.

बाहेर मका छातीएवढा, तोही हिरवा.
याच महिन्यांत इकडे कणग्या झाडून काढतात.
हिरवं म्हणजे
अजून नाही.

एनिफाच्या दुसऱ्या मांडीवर तामांदानी,
अर्ध्या तासानं धाकटा.
त्याचा पाय दाबला तर तो हिसका देतो,
चिडतो, माझ्या मनगटावर लाथ मारतो.
दीड वर्षाचे दोघे. एका फडक्यात पाठीवर वाढलेले,
एका ताटलीतली न्सिमा, तीही संपत आलेली,
एकीचंच दूध, डावं-उजवं ठरलेलं नाही.
मग हा सुजला आणि तो नाही?

आमच्या संशोधनाचं नाव दोन ओळींचं आहे.
त्यातले इंग्रजी शब्द एकेक करून काढत गेलं
तर शेवटी उरतं ते एवढंच: का.

सासूकडे उत्तर आहे.
त्यात सगळा दोष एनिफाचा आहे.
माझ्याकडे उत्तर नाही.
एनिफा चौदा किलोमीटर चालत
माझ्याकडे आली.

संमतीचा कागद सात पानी. वाचून दाखवते.
चौथ्या पानावर ती थांबवते.
"शी? दोघांची?"
हो, दोघांची. बर्फाहून गार डब्यात,
मग मोटारीनं, मग विमानानं.
ती हसायला लागते, थांबतच नाही.
"आमच्या घरात पीठसुद्धा कुणी एवढं जपत नाही गं."
हसता हसताच अंगठा शाईत बुडवते.

पहिल्या आठवड्यात तापिवाचं वजन घटलं.
काट्याकडे बघून एनिफाचा चेहरा उतरला.
पाणी उतरतंय, म्हटलं,
पोर त्या पाण्याखाली आहे, आता दिसेल.
दिसलं. बरगड्या, मान, म्हाताऱ्याचं कपाळ.
याला बरं होणं म्हणतात
हे सांगायला मला माझ्याच भाषेत शब्द सापडेना.

दुसऱ्या आठवड्यात
तामांदानीच्या हनुवटीला शेंगदाण्याची पेस्ट.
पुड्या तापिवाच्या, मोजून दिलेल्या.
नियम म्हणतो, नोंद करा. केली.
एनिफाला काही बोलले नाही.
रात्री वहीतली ती ओळ
मला पुन्हा पुन्हा वाचावी लागली,
चूक कुणाची लिहिली आहे ते बघायला.

डबे गेले. महिन्यांनी आकडे येतील,
मग आकड्यांवर चर्चा, मग नवे डबे.
एका वाटीतून दोन नशिबं कशी निघतात
ते अजून कळलेलं नाही.
वाट चुकलेली नाही, एवढंच डॉक्टर म्हणतात.

चौथ्या भेटीला आणखी एक कागद, आणखी शाई.
मी कापूस शोधते आहे तोवर
एनिफानं तापिवाचा पाय धरला,
अंगठा टेकवला, मोठ्यानं मोजायला लागली.
झितातूला तामांदानीही ओरडला.
उचलला.

कातडी जागेवर.
वर निळा ठसा, रेघ न् रेघ दिसेल असा.
पुसायला मी हात पुढे केला
तर तापिवानं पाय हिसकून घेतला.