कोपऱ्याचा रेडियस

चाळीस वर्षं मी लाकडाचे कोपरे गोल केले.
उद्यमबागेत, पत्र्याच्या शेडमध्ये,
सागवानाचा पॅटर्न, आतल्या कोनात मेणाची पट्टी,
ती बोटानं दाबत न्यायची.
धारदार कोपऱ्यात लोखंड चिरतं,
हे मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं
कल्लाप्पा मिस्त्रीनं, पाठीत एक घालून.

म्हणून पिरनवाडीकडून येताना
सिग्नलपाशी डावीकडं वळायचा कोपरा
मला कायम आवडायचा.
ऐसपैस, गुळगुळीत,
आपल्यासारख्याच कुणीतरी केलेला.
ट्रक वळताना गिअरसुद्धा पाडत नसत.

गिअरसुद्धा पाडत नसत,
हे मी कौतुकानं सांगायचो,
भैरू हुंदरे जाईपर्यंत.

भैरू मोल्डर. येळ्ळूरचा. दुसरी पाळी.
लाल होता, म्हणून कडेला थांबलेला,
सगळे थांबतात तिथंच,
एक पाय फूटपाथच्या दगडावर, डबा हँडलला.
शेजारी ट्रक.
हिरवा पडला. त्याला जायचं होतं सरळ,
ट्रकला डावीकडं.
आरशात नव्हता हो तो, ड्रायव्हर म्हणत राहिला,
आणि खोटं बोलत नव्हता.

ट्रकात आमचीच पंपाची केसिंगं होती.
भैरूनं साचे भरलेली, माझ्या पॅटर्नवरची.
एकालाही चीर गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शिवलीला हुक्केरी आली,
कॉर्पोरेशनची इंजिनिअर, पोरगेलीशी,
पायात स्लीपर, हातात खडू.
टेपचं टोक धरायला माणूस नव्हता, मी धरलं.
कोपरा लहान करायचा, अज्जा, ती म्हणाली,
बारा मीटरचा रेडियस पाचावर आणायचा.
मी म्हटलं, बाई, धारदार कोपरा चिरतो.
ती म्हणाली, इथं लोखंड ओतायचं नाही,
अडवायचंय.

मी त्या रात्री जेवताना
ताटाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिनं रस्त्यावर चौकोन आखला.
ट्रकांनी थांबायची रेघ मागं,
मधली जागा सायकलींना,
काचेतून समोर दिसतील अशी.
आणि सायकलींचा हिरवा चार सेकंद आधी.
चार सेकंद!
भट्टीचं तोंड फोडायलाही त्याहून जास्त लागतात.

टेप मध्येच तुटला. मी माझी पट्टी काढून दिली.
पाच मीटर मापून झाल्यावर आठवलं :
पॅटर्नवाल्याची पट्टी ही, खऱ्याहून थोडी लांब,
थंड होताना लोखंड आकसतं म्हणून.
पाच मीटरला तीन बोटं जास्त भरतात.
तिला सांगितलं. ती हसली.
राहू दे की, म्हणाली, सायकलवाल्यांच्या बाजूनं.

मग पेंटरनं विचारलं, अक्षरं कुठल्या भाषेत?
सगळे गप्प.
आमच्याकडं या प्रश्नावर काचा फुटतात.
चहावाल्यानंसुद्धा स्टोव्ह बारीक केला.
अक्षरं नकोत, चित्र काढ, ती म्हणाली.
त्यानं सायकल काढली, पांढरी, चेन नसलेली.
मी चूक दाखवली तर म्हणतो,
हिला चालायचंय कुठं? थांबायचंय.

आता त्या चौकोनात रिक्षा घुसतात.
पोलीस असला की नाही घुसत.
शाळेच्या पोरी मात्र बरोबर थांबतात,
दोघी दोघी, कालच्या पेपरावर बोलत,
मागं सोळा चाकं धडधडत असताना
वेणी पुढं घेत.
चार सेकंदांत त्या कोपरा ओलांडतात.
मी मोजलंय. तिसऱ्यालाच ओलांडतात,
चौथा उरतो.

फोरमन परवा नवा पॅटर्न हातात घेऊन विचारत होता,
रेडियस विसरलास काय बा?
कोन तसाच होता, कोरा.
मी मेणाची पट्टी शोधायला लागलो.

आज सकाळी एका ट्रकचं पुढचं चाक
रेघ ओलांडून थांबलं होतं.
मी उतरलो, वाकलो, मोजलं.
तीन बोटं.
वर पाहिलं नाही, काही बोललो नाही.
सायकल ढकलत पुढं नेली
आणि त्याच्या काचेसमोर
बरोबर मधोमध
उभा राहिलो.