एक डी कमी

सीप्झ, रात्रीचे पावणेदहा. फोर्टातल्या बँकेनं धाडलेल्या
वर्णनावरून यंत्रानं ओतले चारशे बारा क्लास.
प्रत्येकाच्या कपाळी तीच ओळ:
‘आपोआप तयार. हाताने बदलू नये.’

तरी एक उघडलाच.
‘अ‍ॅड्रेस’मध्ये एकच डी.
कुणाची तरी घाई, पंधरा वर्षांपूर्वीची.
नीट केलं,
तर पलीकडून उत्तरच येईना.
त्यांच्या ओळखीचं ते असंच.

पुन्हा चुकवलं.
आमच्या रेशनकार्डावर धुरींचे धुरे झाले होते;
बाबा त्याच नावाला ओ देत
साखर घेऊन यायचे.

मग सगळं एका जारमध्ये भरलं,
आवृत्ती एक शून्य तीन.
उद्या जसिंता एका ओळीत मागवून घेईल,
झाकणही न उघडता.
हात लागला होता,
हे कुठेच लिहिलेलं नाही.